घटक ६ : पाहणारा कोण? निगराणीची भाषा आणि खासगीपणाचा प्रश्न

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर सार्वजनिक फलकावरील एखाद्या वाक्यात कोणते कारक व्यक्त झाले आहे आणि कोणते गाळले गेले आहे, हे तुम्हांला सांगता येईल. पहारा, देखरेख, पाळत, निगराणी या अर्थाने जवळच्या शब्दांतील भेद वाक्यप्रयोगांच्या आधारे दाखवता येईल. आणि रस्त्यावरील कॅमेऱ्यांना नागरिकांनी केलेल्या एका विरोधाची भाषिक बाजू उलगडून मांडता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण प्रयोगविचार आणि कारकविचार यांची ओळख करून घेतली. 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्यातील कर्ता, कर्म आणि प्रयोग ओळखणे तुम्हांला आता अवघड वाटू नये. परंतु व्याकरण हे आंबा खाणाऱ्या रामापुरतेच असते, असा समज मात्र करून घेऊ नका. बसस्थानकावरील फलक, बँकेतील सूचना, कार्यालयातील परिपत्रक, न्यायालयाचा निकाल अशा सर्व ठिकाणी कारके असतात, आणि काही वेळा एखादे कारक नसणे हीच त्या वाक्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट असते.

तुम्ही नोकरी किंवा घरकाम सांभाळून अभ्यासकेंद्रावर येता. येताना एखादा चौक, पेट्रोल पंप, सराफाचे दुकान किंवा रेल्वे स्थानक लागत असेल, तर एक वाक्य तुम्ही निश्चित वाचलेले असेल : 'आपण सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात.' हे वाक्य इतके परिचयाचे झाले आहे की ते वाचूनही आपण वाचत नाही. या घटकात आपण ते थांबून वाचणार आहोत. त्यानंतर इंग्लंडमधील एका शहरात लोकांनी रस्त्यावरील कॅमेरे काढायला लावले, त्या घटनेकडे वळू. ते लोक जे प्रश्न विचारत होते, ते या फलकाच्या वाक्यात न सापडणाऱ्या कारकांचेच प्रश्न होते, असे माझे प्रतिपादन आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ एका फलकाचे व्याकरण

वाक्याचे उद्देश्य 'आपण' आहे आणि क्रियापद 'आहात' हे स्थितिदर्शक आहे. म्हणजे या वाक्यात कोणी काही करत नाही. कोणीतरी केवळ एका स्थितीत आहे. प्रत्यक्षात मात्र येथे एक क्रिया सतत चालू आहे, ती म्हणजे पाहण्याची. ती क्रिया कुठे गेली? ती 'निगराणी' या नामात मुरली आहे. क्रियेचे असे नाम बनवण्याला भाषाविज्ञानात नामीकरण म्हणतात. त्याचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. क्रियापद असते तेव्हा ते कर्त्याची अपेक्षा करते. 'पाहतो' म्हटले की 'कोण?' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. 'चोर पकडला गेला' या कर्मणी वाक्यातही पकडणारा लपलेला असला, तरी त्याची जागा शिल्लक असते. 'पोलिसांकडून' हा शब्द घालून ती भरता येते. नामीकरणात ती जागाच जवळजवळ मिटून जाते.

पुढे पाहा. 'कॅमेऱ्याच्या निगराणीखाली' असे आपण म्हणतो. कॅमेरा हे साधन आहे; कारकाच्या भाषेत ते करण आहे. कुऱ्हाडीने लाकूड तोडले जाते, तसे कॅमेऱ्याने पाहिले जाते. परंतु 'कुऱ्हाडीची लाकूडतोड' असे आपण म्हणत नाही. येथे मात्र षष्ठीचा प्रत्यय लावून साधनालाच निगराणीचा धनी केले आहे. कॅमेऱ्यामागील खोलीत कोण बसले आहे, चित्रण कोणाच्या मालकीचे आहे, ते किती दिवस ठेवले जाते, यांपैकी कशालाही वाक्यात प्रवेश नाही.

आता 'आपण' या सर्वनामाकडे या. मराठीत ते दोन अर्थांनी येते. एक, ऐकणाऱ्याला सामावून घेणारे प्रथमपुरुषी : 'आपण उद्या जाऊ.' दुसरे, आदरार्थी द्वितीयपुरुषी : 'आपण बसावे.' फलकावर कोणते आहे, हे केवळ क्रियापदाच्या शेवटावरून कळते. 'आहात' असल्याने हे द्वितीयपुरुषी. येथे 'आहोत' लिहिले असते, तर पाहणारा आणि पाहिला जाणारा असे दोघेही त्या निगराणीखाली आले असते. एका अक्षराचा हा फरक आहे. परंतु कॅमेऱ्यांविषयी जगभर जो वाद चालू आहे, त्याचा मोठा भाग या एका अक्षरात मावतो.

राहिले 'खाली' हे शब्दयोगी अव्यय. हिंदी फलकावर 'निगरानी में' असते, म्हणजे निगराणीच्या आत. मराठीने 'खाली' घेतले. मराठीत 'छत्राखाली' माणूस सुरक्षित असतो आणि 'ओझ्याखाली' दबतो. 'वडिलांच्या देखरेखीखाली' मूल वाढते आणि 'जुलमाखाली' प्रजा पिचते. अव्यय एकच, संरक्षण की सत्ता, हे वरती कोण आहे यावर ठरते. आणि वरती कोण आहे, तेच फलक सांगत नाही.

६.२.२ पहारा, देखरेख, पाळत

शब्दकोशात हे शब्द एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून दिलेले आढळतील. भाषेचा अभ्यासक मात्र प्रतिशब्दांवर फारसा विश्वास ठेवत नाही. तो शब्द वाक्यात घालून पाहतो. पुढील दोन वाक्ये मोठ्याने वाचा.

आई मुलावर देखरेख ठेवते.
आई मुलावर पाळत ठेवते.

दोन्ही व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. दुसरे वाक्य वाचताच मात्र आपण विचारतो, 'का? मुलाने काय केले?' 'पाळत' या शब्दात संशय गृहीत आहे, आणि ज्याच्यावर पाळत आहे त्याला ती ठाऊक नसावी ही अपेक्षाही. 'देखरेख' या शब्दात जबाबदारी गृहीत आहे. ती उघड असते आणि तिचा जाब विचारता येतो. 'पहारा' प्रायः वस्तूवर किंवा जागेवर असतो, म्हणजे तिजोरीवर किंवा किल्ल्याच्या दरवाज्यावर, आणि त्याचे तोंड बाहेरच्या शत्रूकडे असते. त्या पहाऱ्याचे तोंड आत वळले की किल्ल्याचा तुरुंग होतो.

'निगराणी' हा फारसीतून आलेला शब्द तुलनेने कोरडा आणि कार्यालयीन आहे. म्हणूनच तो फलकावर सोयीचा ठरतो. त्याच्याच जवळचा 'निगा' हा शब्द फारसी 'निगाह' म्हणजे दृष्टी यावरून आला. परंतु मराठीत निगा राखणे म्हणजे काळजी घेणे. केवळ पाहणे हा मूळ अर्थ मागे पडला आणि मायेने पाहणे हा अर्थ उरला. उलट 'नजर' आपल्याकडे लागतेही, आणि ती लागू नये म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात. पाहण्याने भले होते आणि पाहण्याने इजाही होते, ही दोन्ही ज्ञाने आपल्या भाषेने फार पूर्वीच नोंदवून ठेवली आहेत.

वृत्तपत्रांनी कॅमेऱ्यासाठी 'तिसरा डोळा' हे रूपक रूढ केले आहे. 'शहरावर तिसऱ्या डोळ्याची नजर' या धाटणीचे मथळे तुम्ही अनेकदा वाचले असतील. शंकराचा तिसरा डोळा उघडला की काय होते हे मथळा देणाऱ्याच्या मनात नसावे, असे आपण समजू. माझा आक्षेप वेगळा आहे. डोळा पाहतो आणि विसरतो. चौकातील पानवाला आपल्याला रोज पाहतो, तरी गेल्या मंगळवारी आपण किती वाजता गेलो हे तो सांगू शकत नाही. नव्या कॅमेऱ्याचे काम पाहण्यापाशी संपत नाही. तो वाहनाच्या क्रमांकाची पाटी वाचतो, त्या क्रमांकाशेजारी ठिकाण आणि वेळ लिहितो, ती नोंद साठवतो आणि दुसऱ्या यादीशी ताडून पाहतो. वाचणे, लिहिणे, साठवणे, ताडणे या चार क्रियांना 'नजर' म्हणणे म्हणजे मामलेदार कचेरीच्या दफ्तरखान्याला खिडकी म्हणण्यासारखे आहे. लोकांच्या विरोधाचे मूळही पुष्कळदा दृष्टीत नसून स्मृतीत असते.

आपली प्रगती तपासा : 'बँकेबाहेर पहारा आहे' आणि 'बँकेवर पाळत आहे' या दोन वाक्यांत पाहणाऱ्याचा हेतू कसा बदलतो? उत्तर पाच ओळींत लिहा.

६.२.३ बर्मिंगहॅम, २०१०

बर्मिंगहॅम हे इंग्लंडमधील, लंडनच्या खालोखाल मोठे शहर. तेथील वॉशवुड हीथ आणि स्पार्कब्रूक या भागांत मुस्लिम वस्ती मोठी आहे. त्यांतील अनेक कुटुंबे पिढ्यांपूर्वी पाकिस्तानातून आलेली. २०१० साली या भागांतील रस्त्यांवर खांब उभे राहू लागले आणि त्यांवर कॅमेरे चढले. योजना एकूण २१८ कॅमेऱ्यांची होती. त्यांतील मोठा भाग वाहनांच्या क्रमांकपाट्या वाचणारा होता, आणि ७२ कॅमेरे छुपे असणार होते. ते अशा रीतीने योजले होते की वस्तीत शिरणाऱ्या किंवा बाहेर पडणाऱ्या वाहनाची नोंद टळणे कठीण व्हावे. या योजनेचे नाव होते 'प्रोजेक्ट चॅम्पियन'.

रहिवाशांना आणि नगरसेवकांना जे सांगण्यात आले, त्याची भाषा पाहण्यासारखी आहे. 'सेफर बर्मिंगहॅम पार्टनरशिप' या स्थानिक भागीदारीच्या नावाने योजना पुढे आली. सुरक्षित हे विशेषण, शहराचे नाव आणि भागीदारी हे नाम : या तीन शब्दांत नाकारण्यासारखे काय आहे? वाहनचोरी, अमली पदार्थांची विक्री, समाजविघातक वर्तन यांना आळा बसेल, असे सांगण्यात आले. जून २०१० मध्ये 'द गार्डियन' या वृत्तपत्राने वेगळीच गोष्ट उजेडात आणली. योजनेचे सुमारे ३० लाख पौंड पोलीसप्रमुखांच्या संघटनेकडील एका निधीतून आले होते, आणि तो निधी होता दहशतवाद व तत्संबंधित बाबींसाठी.

म्हणजे लोकांपुढे जो शब्द ठेवला गेला तो 'देखरेख' या जातीचा होता. हिशेबाच्या वहीत जो शब्द होता तो 'पाळत' या जातीचा. आपण वर केलेली दोन वाक्यांची चाचणी आठवा. आपल्या वस्तीभोवती संशयाचे कुंपण घातले गेले आहे, हे त्या लोकांना शेजारच्या खांबाकडे पाहून नव्हे, तर निधीच्या नावातील शब्दांवरून कळले. दुखावले ते त्यामुळे. 'वस्तीत चोऱ्या होतात, कॅमेरे लावा' असे कदाचित त्यांतल्याच काहींनी म्हटलेही असते. परंतु संपूर्ण वस्ती हेच ज्या वाक्याचे कर्म आहे, त्या वाक्यात शाळेत मुलाला सोडणारी आई आणि रुग्णालयात रात्रपाळीला जाणारा कर्मचारी हे दोघेही सारखेच संशयित ठरतात.

सभा झाल्या, नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या 'लिबर्टी' या संस्थेने न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. पोलिसांनी माघार घेत कॅमेऱ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, जेणेकरून ते चालू नाहीत अशी लोकांची खात्री पटावी. पिशवीतल्या कॅमेऱ्यांचे खांब काही महिने तसेच उभे होते. छुपे कॅमेरे मात्र पिशवीने झाकता येत नाहीत. ते कुठे आहेत हेच ज्याला माहीत नाही, त्याला पिशवी पाहून धीर कसा यावा? थेम्स व्हॅली पोलिसांच्या प्रमुख सारा थॉर्नटन यांनी केलेल्या स्वतंत्र परीक्षणाचा अहवाल त्याच वर्षी सप्टेंबरअखेर प्रसिद्ध झाला. योजना आखताना कायद्याच्या चौकटीचा पुरेसा विचार झाला नव्हता, लोकांशी सल्लामसलत फार उशिरा आणि फार थोडी झाली आणि पारदर्शकता राहिली नाही, असे ताशेरे त्यात होते. स्थानिक पोलीसप्रमुखांनी क्षमा मागितली. २०११ मध्ये कॅमेरे आणि खांब उतरवण्यात आले.

या विरोधाकडे कारकविचाराच्या अंगाने पाहा. पाहणारा कोण, स्थानिक पोलीस की दहशतवादविरोधी यंत्रणा? हा कर्त्याचा प्रश्न. पाहायचे कोणाला, गुन्हेगाराला की वस्तीला? हा कर्माचा प्रश्न. उघड कॅमेऱ्याने की छुप्या? हे करण. नोंदी पुढे कोणाला दिल्या जाणार? हे संप्रदान. क्रमांकपाट्यांच्या नोंदी त्या काळी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय संग्रहात दोन वर्षांपर्यंत ठेवल्या जात. तो कालाधिकरणाचा मुद्दा. फलकाच्या वाक्याने जे जे गाळले होते, ते ते लोकांनी एकेक करून विचारले. त्यांतील बहुतेकांनी व्याकरणाचे पुस्तक उघडलेले नसणार, हे सांगायला नको.

पुढे ब्रिटिश संसदेने २०१२ साली स्वातंत्र्यरक्षणविषयक अधिनियम संमत केला आणि त्याखाली २०१३ मध्ये निगराणी कॅमेऱ्यांसाठी बारा तत्त्वांची आचारसंहिता आली. त्याच वर्षी हर्टफर्डशायरमधील रॉयस्टन या लहानशा गावाचेही प्रकरण गाजले. गावात येण्याजाण्याच्या प्रत्येक रस्त्यावर क्रमांकपाट्या वाचणारे कॅमेरे होते. माहितीविषयक आयुक्तांच्या कार्यालयाने ती व्यवस्था प्रमाणाबाहेरची आणि बेकायदेशीर ठरवली. तेथे कोणा एका समाजावर संशय नव्हता. सर्वांनाच गुंडाळले होते, आणि तेही मान्य झाले नाही.

६.२.४ 'खासगी' आणि 'गोपनीय'

येथे तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, 'सर, आमच्या गल्लीत कॅमेरा आल्यापासून दुचाकी चोरीला जाणे थांबले. ज्याने काही केले नाही, त्याला भीती कशाची?' हा प्रश्न हलका नाही. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या स्त्रीला प्रकाशित आणि कॅमेरा असलेला रस्ता बरा वाटतो, हे मी नाकारणार नाही. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत कॅमेऱ्यांची मागणी झाली आणि २०१६ मध्ये सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचे जाळे सुरू झाले, त्यामागेही खरी वेदना होती. परंतु 'ज्याला लपवायचे नाही त्याला भीती कशाची' या युक्तिवादात एक शब्दच्छल आहे, आणि तो ओळखणे हे आपले काम आहे.

'लपवणे' आणि 'न दाखवणे' या एक क्रिया नव्हेत. आपण दार लावून कपडे बदलतो. तेव्हा आपण काही लपवत नसतो. औषधाची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवणारा गुन्हा दडवत नसतो. मराठीत या प्रश्नासाठी दोन शब्द वापरले जातात आणि त्यांची गल्लत झाल्याने घोटाळा वाढतो. 'गोपनीयता' हा शब्द आपल्याला सरकारी व्यवहारातून परिचित आहे : मंत्री पद आणि गोपनीयतेची शपथ घेतात, कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिला जातो. तो प्रायः सत्तेकडील गुपिताचा शब्द आहे. नागरिकाच्या हक्कासाठी तोच शब्द वापरला की त्याच्याकडेही काही गुपित असावे, असा वास येतो. मौज अशी की, संस्कृत 'गुप्' या धातूचा धातुपाठातील अर्थ रक्षण करणे हा आहे. 'गोपनीय' म्हणजे मुळात रक्षण करण्याजोगे. लपवणे हा नंतर ठळक झालेला अर्थ.

'खासगी' या शब्दाचा प्रवास याहून रोचक आहे. अरबी 'खास'वरून आलेला हा शब्द मराठी राजवटींत राज्यकर्त्याच्या घरच्या मिळकतीसाठी आणि कारभारासाठी वापरला जाई. होळकरांच्या राज्यात 'दौलत' आणि 'खासगी' हे हिशेब वेगळे असत. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या घाटांचा आणि देवळांचा खर्च खासगीतून झाला. तेव्हा खासगी असणे हा धन्याचा मान होता. रयतेला कसली आली खासगी! आज रिक्षाचालक किंवा धुणीभांडी करणारी बाई 'हे माझे खासगी आहे' असे म्हणते, तेव्हा राजवाड्यातला एक शब्द दोन खोल्यांच्या घरात आलेला असतो. म्हणून मी स्वतः या हक्कासाठी 'गोपनीयता' ऐवजी 'खासगीपणा' हा शब्द वापरतो. तुम्ही परीक्षेत कोणताही वापरलात तरी चालेल. कारण मात्र द्यावे.

एक अनुभव सांगून पुढे जातो. मी राहतो त्या इमारतीच्या फाटकावर आम्ही सर्वांनी हात वर करून कॅमेरा मंजूर केला होता. चित्रण कोणी पाहायचे, हे ठरावात लिहिलेच नव्हते. मीही ते विचारले नाही. काही महिन्यांनी एका घरातील मुलगी रात्री किती वाजता परतते, याची चर्चा जिन्यात सुरू झाली, आणि एका सदस्याने भ्रमणध्वनीवर तो तुकडा दाखवलाही. त्या मुलीच्या आईने बैठकीत एवढेच विचारले, 'कॅमेरा चोरासाठी लावला होता ना?' ठरावात कर्ता आणि प्रयोजन न लिहिणाऱ्यांत एक भाषाविज्ञानाचा प्राध्यापक होता, ही गोष्ट मला अजून बोचते.

६.२.५ न्यायालयातील शब्दार्थ

आपल्या देशात हा प्रश्न कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी न्यायालयात गेला. खडक सिंग यांना १९४१ साली दरोड्याच्या प्रकरणात पकडून पुराव्याअभावी सोडण्यात आले; तरीही पोलिसांनी त्यांच्यावर पाळत चालू ठेवली, रात्री घरी येऊन दार ठोठावणे हाही तिचा भाग. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रात्रीच्या या भेटी रद्द केल्या. परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे बहुमताने मानले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी अल्पमताच्या निकालपत्रात खासगीपणा हा व्यक्तिगत स्वातंत्र्याचा आवश्यक घटक असल्याचे म्हटले. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील 'व्यक्तिगत स्वातंत्र्य' या पदाची व्याप्ती किती, हा खरे तर अर्थविचाराचाच वाद होता. तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी मिटला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर मर्यादा घालायची तर तिला कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशा कसोट्या त्या निकालातून पुढे आल्या. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षणाचा अधिनियम केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार देतो. म्हणजे 'आहात' आणि 'आहोत' यांतील अंतर तेथेही कायम आहे.

६.३ सरावासाठी स्वाध्याय

(१) 'नामीकरणामुळे कर्त्याची जागा मिटते' हे विधान फलकाच्या वाक्याखेरीज दुसऱ्या एखाद्या सरकारी सूचनेच्या आधारे स्पष्ट करा.

(२) बर्मिंगहॅममधील रहिवाशांचा विरोध कॅमेऱ्याला होता की शब्दांना? तुमचे मत सकारण मांडा. या घटकातील प्रतिपादन तुम्हांला पटत नसेल, तर तसे अवश्य लिहा.

(३) क्षेत्रीय कार्य : तुमच्या गावातील किंवा वस्तीतील कॅमेराविषयक पाच फलकांची वाक्ये शब्दशः, लेखनातील चुकांसह, वहीत उतरवून घ्या. कोणाही व्यक्तीचे छायाचित्र घेऊ नका. प्रत्येक वाक्यातील व्यक्त आणि अव्यक्त कारके नोंदवा. नंतर त्यांतील एका फलकाशी संबंधित दुकानदार, सोसायटी किंवा कार्यालय यांना भेटून चित्रण कोण पाहते, कशासाठी आणि किती दिवस ठेवले जाते, हे नम्रपणे विचारा. मिळालेल्या उत्तरांच्या आधारे तोच फलक कर्तरी प्रयोगात, सर्व कारकांसह पुन्हा लिहा. उत्तर मिळाले नाही, तर त्या कारकाची जागा रिकामी सोडून वाक्य तसेच सादर करा.